जुन्या घराची डागडुजी : थोडक्या खर्चात राहते घर नीटनेटके करण्याचे काही उपाय

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे गाव प्रवरेच्या खोऱ्यात वसलेले आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले व त्या पाण्यावर या भागात ऊस वाढला. उसाबरोबर घरेही बदलली. गावठाणात व मळ्यांतील वस्त्यांवर आता सिमेंट-काँक्रीटची घरे दिसतात; तथापि पांढऱ्या मातीच्या भिंतींची, धाब्याची अथवा पत्र्याची जुनी घरे अजूनही पुष्कळ ठिकाणी राहती आहेत. ती पाडून नवी बांधावी इतका पैसा सर्वांजवळ नसतो. ज्यांच्याजवळ असतो त्यांनीही तो तेथेच घालावा असे नाही. ठिबक संच, विहिरीची दुरुस्ती व मुलांचे शिक्षण हे खर्चही त्याच उसाच्या बिलातून व्हावयाचे असतात.

घरात लग्न निघाले किंवा दिवाळी जवळ आली, की घर साजरे करण्याची घाई होते. अशा वेळी बहुधा दोन गोष्टी केल्या जातात. ओल धरलेल्या मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा केला जातो, आणि त्यावर तेलरंग किंवा चकचकीत रंग फासला जातो. लग्नाच्या दिवशी घर शोभून दिसते. दोन पावसाळे गेले, की रंगाचे पापुद्रे सुटतात, गिलाव्याखाली पोकळ आवाज येऊ लागतो आणि पुढे गिलाव्याची ढलपी भिंतीची मातीही सोबत घेऊन खाली येते. खर्च झालेला असतो आणि भिंत पूर्वीपेक्षा अशक्त झालेली असते. मातीची भिंत एका रात्रीत बसते, आणि ती रात्र बहुधा भाद्रपदाच्या झडीतील असते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही.

म्हणून थोडक्या पैशात घर सुधारावयाचे असेल, तर खर्चाचा क्रम आधी ठरविणे अगत्याचे आहे. प्रथम पाणी, मग छप्पर, मग भिंती, त्यानंतर धूर व उजेड, आणि सर्वांत शेवटी रंग. हा क्रम उलटा झाला, की पैसा वाया जातो.

काळी आणि पांढरी

गावाच्या जमिनीची काळी व पांढरी अशी जी जुनी वाटणी आहे, ती घर बांधणाऱ्याच्याही उपयोगाची आहे. काळी ही पिकांची, पांढरी ही वस्तीची. खोऱ्यातील काळी माती ओली झाली म्हणजे फुगते व वाळली म्हणजे आकसून भेगाळते. उन्हाळ्यात शेतात ज्या भेगा पडतात, तीच हालचाल घराच्या पायाखालीही चालू असते. दरवर्षी त्याच जागी तडा उघडतो व पावसाळ्यात मिटतो, याचे कारण पुष्कळदा हेच असते. पांढरी माती तशी नसते. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या घरांची माती, राख व चुन्याचे अंश मिसळून ती बनलेली असते; ती फुगत कमी व चिरतेही कमी. म्हणूनच भिंतीस व धाब्यास पांढरी माती वापरण्याची वहिवाट पडली.

या खोऱ्यात मातीचे घर किती जुने आहे हे पाहावयाचे असेल, तर शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादचे उदाहरण आहे. तेथे १९५८-५९ मध्ये व पुढे १९७५ ते १९७९ या काळात उत्खनने झाली आणि तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या, मातीच्या भिंतींच्या घरांचे अवशेष मिळाले. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुनी पांढरीची टेकाडे उकरून माती नेण्याची सवय चांगली नव्हे. अशी काही स्थळे कायद्याने संरक्षित आहेत, आणि जी नाहीत तीही एकदा उकरली म्हणजे पुन्हा भरून येत नाहीत. घराला लागणारी पांढरी बहुधा घरच्याच आवारात मिळते. पडक्या भिंतीची माती चाळून, खडे व मुळ्या काढून पुन्हा वापरता येते, व ती नव्या मातीहून सरस ठरते.

पाणी घरापासून दूर

कालव्याच्या भागात जमिनीतील पाण्याची पातळी वर येते आणि पाण्याबरोबर क्षारही वर येतात. शेतात चोपण होते, तसे घरात भिंतीला लोणा लागतो. भिंतीचा तळ हातभर उंचीपर्यंत पांढरट, भुसभुशीत होऊन गळू लागतो. गोठ्याची भिंत व घराची भिंत एकच असेल तर हा लोणा अधिक लागतो, कारण जनावरांच्या मूत्रातून सोरा तयार होतो व तो भिंतीत चढतो. या रोगावर रंग हा उपाय नाही.

पहिला उपाय जवळजवळ फुकट आहे. घराच्या चारी बाजूंनी मीटरभर रुंदीची मुरमाची पट्टी करून ती धुम्मसाने ठोकावी व तिला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. दर मीटरला पाच सेंटिमीटर उतार पुरे होतो. भिंतीलगतचे शेणाचे ढीग, सरपणाची रास व माजलेले गवत हलवावे. न्हाणीचे सांडपाणी भिंतीशी मुरू देऊ नये. गोठ्यात भिंतीपासून दूर जाणारी मूत्राची नाली काढावी. ते मूत्र खताच्या खड्ड्यात गेल्यास दुहेरी लाभ होतो.

सांडपाण्यासाठी शोषखड्डा करावा असे सर्वत्र सांगितले जाते. मुरमाड जमिनीत ही सूचना योग्यच आहे. परंतु खोल काळ्या मातीत असा खड्डा लवकरच तुंबतो, आणि जेथे पाणी वर आले आहे तेथे तो मुळातच भरलेला असतो. अशा ठिकाणी पाणी नालीने परसात नेऊन केळी, अळू व कर्दळ यांना द्यावे, हे अधिक बरे. पिण्याच्या पाण्याची विहीर अथवा हातपंप यांच्याजवळ मात्र हे पाणी जाऊ देऊ नये.

धाबे : ओझे हाच शत्रू

धाब्याच्या घरात उन्हाळ्यात जी गारवट असते, ती पत्र्याखाली कधीच मिळत नाही. तरीही धाबी मोडून पत्रे टाकले जात आहेत, कारण धाबे गळते. धाबे गळू लागले, की घरधनी मृगापूर्वी त्यावर मातीचा आणखी एक थर टाकतो. थर तात्पुरता काम देतो. पुढच्या वर्षी आणखी एक थर पडतो. असे दहा-वीस वर्षे चालते. खालच्या तुळया मात्र त्याच राहतात.

या ओझ्याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. पाच मीटर लांब व तीन मीटर रुंद अशा खोलीवर दहा सेंटिमीटर मातीचा थर टाकला, तर ती माती दीड घनमीटर होते. कोरडी दाबलेली माती घनमीटरला सुमारे सोळा क्विंटल धरली, तरी हे वजन चोवीस क्विंटल भरते. शंभर किलोची चोवीस पोती माळवदावर रचून ठेवावीत तसे हे होय. पावसाने माती भिजली म्हणजे हे ओझे आणखी वाढते, आणि नेमके त्याच वेळी तुळयांची टोके भिंतीतील ओलीने कुजलेली असतात.

म्हणून धाब्याची दुरुस्ती माती चढवून नव्हे, तर माती उतरवून सुरू करावी. वैशाखात धाबे कोरडे असताना वरचे जुने थर खोऱ्याने हलक्या हाताने खरवडावेत. उगवलेली झुडपे मुळासकट काढावीत. पिंपळाचे रोप विशेष. धाब्यावर एका जागी अनेक माणसांनी उभे राहू नये व उतरविलेली माती कडेला रचू नये. मूळ जाडी उरली म्हणजे भेगा पाणी शिंपडून बुजवाव्यात. त्यानंतर चाळलेल्या पांढऱ्या मातीचा पातळ थर द्यावा व चोपून पन्हळीकडे उतार धरावा. पन्हळ भिंतीपासून हातभर तरी बाहेर आलेली असावी. आखूड पन्हळीचे पाणी सबंध पावसाळा भिंतीच्या एकाच जागी आपटत राहते, आणि लोक दोष मातीला देतात.

हे काम चालू असतानाच खालून तुळयांची टोके टोकदार सळईने टोचून पाहावीत. सळई सहज आत शिरली, तर ते लाकूड कामातून गेले असे समजावे व त्याखाली तात्काळ टेकू द्यावा. वाळवीच्या मातीच्या नळ्या खांबावर दिसल्या तर त्या नुसत्या पुसून भागत नाही. खांब दगडी तळखड्यावर आहे की मातीत गाडला गेला आहे हे पाहावे. सारवणाचे थर वर्षानुवर्षे चढून तळखडा झाकला गेला असेल, तर तेवढा भाग उकरून मोकळा केल्याने वाळवीची चोरवाट बंद होते.

ज्यांच्या घरावर पत्रा किंवा काँक्रीटचा स्लॅब आहे, त्यांनी उन्हाळ्यापूर्वी त्यावर बाहेरून चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो व खालची खोली काही अंशांनी थंड राहते. पत्र्यावर चुना पावसाने धुऊन जातो, म्हणून तो दरवर्षी द्यावा लागतो. काही ठिकाणी पत्र्यावर उसाचे पाचट पसरतात. त्याने गारवा येतो, पण ठिणगी पडली तर घर वाचत नाही. पाचटाची खरी जागा खोडव्याच्या सरीत आहे.

भिंती : सिमेंट केव्हा नको

भिंतीवर खर्च करण्यापूर्वी ती उभी राहण्यास योग्य आहे किंवा नाही हे पाहावे. वरून ओळंबा सोडला म्हणजे भिंत किती कलली आहे ते दिसते. भिंतीने पोट काढले असेल, कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून सुटल्या असतील, अथवा तडा वर रुंद व खाली अरुंद असेल, तर जाणत्या गवंड्यास किंवा अभियंत्यास दाखवावे व तोवर त्या भिंतीकडेला अंथरूण घालू नये. साध्या तड्यावर आडवी कागदाची पट्टी चुन्याने चिकटवून तिच्यावर तारीख लिहावी. दोन-तीन महिन्यांत पट्टी फाटली तर तडा चालता आहे असे समजावे. त्याचे कारण पाण्यात वा पायात शोधले पाहिजे. पट्टी शाबूत राहिली तर तो तडा बुजविण्यास हरकत नाही.

मातीची भिंत जमिनीतून ओल घेते व आपल्या अंगातून ती बाहेर सोडते. उन्हाळ्यात ती वाळते, पावसाळ्यात थोडी दमट होते. हे चक्र चालू आहे तोवर भिंतीस धोका नाही. सिमेंटचा गिलावा या वाटेस झाकण घालतो. ओल बाहेर पडू न शकल्याने भिंतीत वर वर चढते आणि गिलाव्यामागची माती नरम होते. शिवाय सिमेंट ताठ व माती मऊ; उन्हात दोघांचे फुगणे-आकसणे सारखे नसल्याने ती एकमेकांस सोडतात. ज्या भिंतीस असा गिलावा आधीच झाला आहे व तो पोकळ वाजतो आहे, तेथे कोरड्या ऋतूत तळाचा दोन-तीन फुटांचा पट्टा काढून तेथे मातीचा गिलावा करावा. विटांच्या अथवा दगड-चुन्याच्या पक्क्या भिंतीची गोष्ट वेगळी आहे. तेथे सिमेंटला हरकत नाही, मात्र विटा लोण्याने खाल्लेल्या नसाव्यात.

मातीच्या गिलाव्यासाठी चाळलेली पांढरी माती घ्यावी. चोपण शेताची माती व मचूळ विहिरीचे पाणी कटाक्षाने टाळावे, नाहीतर लोणा आपल्याच हाताने भिंतीत भरल्यासारखे होते. मातीत गव्हाचे बारीक काड किंवा भुसा घालून तिचा चिखल करावा व आठवडाभर ओला ठेवून रोज तुडवावा. काड कुजून चिखलास चिकटपणा येतो. सबंध भिंतीस लावण्यापूर्वी हातभर जागेत लावून वाळू द्यावा. भेगा पडल्या तर माती फार चिकट आहे. तिच्यात वाळू मिसळावी. हाताला भुकटी लागली तर वाळू जास्त झाली आहे. लोणा लागलेली जुनी माती घट्ट भागापर्यंत खरवडून घराबाहेर नेऊन टाकावी, भिंतीवर पाणी शिंपडावे आणि मग सुमारे दीड सेंटिमीटर जाडीचा हात द्यावा. तो पुरता वाळल्यावर बारीक चिखल व शेण यांचा पातळ हात देऊन घोटावे. उंदरांची बिळे काचेचे तुकडे व चुना घालून आधीच बंद करावीत.

पश्चिमेकडील ज्या भिंतीवर पावसाचा मारा बसतो, तिच्यासाठी रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने एक रीत काढली आहे. तीत डांबर पातळ करून ते काडमिश्रित चिखलात कालवतात व असा गिलावा पावसास पुष्कळ टिकतो. डांबर पातळ करण्यास रॉकेल वापरले जाते. ते मिसळताना डांबर विस्तवावरून खाली उतरविलेले असले पाहिजे. हे काम माहितगार माणसाकडून करून घ्यावे. त्याहून सोपा मार्ग म्हणजे त्या बाजूस पत्र्याची अथवा कौलांची फूट-दोन फूट पडवी पुढे काढणे.

गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहावयास गेले. तेथील माती-बांबूच्या कुटी आजही उभ्या आहेत. त्यांची निगा सातत्याने राखली जाते, एवढेच त्यांच्या टिकण्यामागचे रहस्य आहे.

धूर व उजेड

बहुतेक घरांत आता गॅसची शेगडी आहे. तरीही भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर होते. जळणास तुराट्या व पऱ्हाट्या घरच्याच असतात. भिंतीस रंग देण्यापूर्वी या धुराची वाट करावी, अन्यथा सहा महिन्यांत भिंत पुन्हा काळवंडते. डोळे व छाती यांचे जे नुकसान होते ते घरातील स्त्रिया सोसतात, आणि खर्चाच्या यादीत ते कधी लिहिले जात नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून पुढे आलेली मगन चूल व १९८३ नंतर सरकारी कार्यक्रमातून वाटलेल्या सुधारित चुली यांचे तत्त्व एकच आहे : विस्तव बंदिस्त करावा व धूर नळीने छपरावर न्यावा. पुष्कळ घरांत त्या चुली मोडल्या, कारण नळीतील काजळी कोणी काढली नाही. नळीचे तोंड छपरापेक्षा दोन फूट तरी उंच असावे व ती महिन्यातून एकदा झाडावी. पाणी तापविण्याची चूल परसातल्या छपरीत हलविली तर अर्धा धूर आपोआप कमी होतो.

उजेडासाठी भिंत फोडण्याची गरज क्वचितच पडते. धाब्यातील साणे मातीने बुजले असेल तर ते मोकळे करून त्यावर काच बसवावी व भोवती उंच कडा करावी. पत्र्याच्या घरात एक पत्रा काढून तेथे पारदर्शक पत्रा टाकला म्हणजे दिवसा दिवा लागत नाही. नवी खिडकी काढणे, भिंत हलविणे किंवा खोली वाढविणे असेल, तर आधी नगरपरिषदेत चौकशी करावी.

जमीन पोपडे धरीत असेल, तर दहा सेंटिमीटर मुरूम भरून, भिजवून, ठोकून मग सारवावी. शहाबादी फरशी घालावयाची असल्यास ती वाळूच्या थरावर बसवून सांधे चुन्याने भरावेत. म्हणजे खालची ओल भिंतीकडे न वळता सांध्यांतून निघून जाते.

चुना

आता रंगाची पाळी. मातीच्या भिंतीस चुन्यासारखा स्वस्त व योग्य रंग दुसरा नाही. तो भिंतीची वाट अडवीत नाही, किंचित दमट भिंतीवरही धरतो व बुरशीस येऊ देत नाही. पाच मीटर बाय तीन मीटर व पावणेतीन मीटर उंच अशा खोलीच्या चारी भिंती मिळून सुमारे चव्वेचाळीस चौरस मीटर होतात. दहा चौरस मीटरला एका हातास साधारण एक किलो कळीचा चुना लागतो. म्हणजे दोन हातांस नऊ किलो चुना पुरेसा आहे.

चुनकळी पाण्यात टाकताच उकळते, म्हणून ती पत्र्याच्या पिंपात, मुलांपासून दूर विरवावी. डोळ्यांस चष्मा असावा. थेंब डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने धुऊन लागलीच डॉक्टरकडे जावे. किलोला पाच लिटर पाणी या मानाने चुना पातळ करून एक दिवस ठेवावा व जाड्या फडक्यातून गाळावा. दर दहा लिटरला चाळीस ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालावा. त्याने चुना हाताला लागत नाही. पांढरेपणा खुलण्यासाठी किलोला तीन ग्रॅमपर्यंत नीळ चालते, अधिक घातल्यास भिंत निळसर दिसते. कुंचा आधी उभा व तो हात ओला असतानाच आडवा फिरवावा. पहिला हात पातळ व फिका दिसतो म्हणून चुना दाट करण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण दाट चुना पुढे पापुद्र्याने सुटतो. पिवळा रंग हवा असल्यास त्यातच पिवडी मिसळता येते.

छप्पर व भिंतींची कामे मृगापूर्वी आणि सफेदी दसऱ्यानंतर, अशी विभागणी केल्यास खर्चही एकदम अंगावर येत नाही. उरलेली चुनकळी हवेत ठेवल्यास निकामी होते. ती विरवून, वर चार बोटे पाणी ठेवून, झाकलेल्या पिंपात राखावी. डाळिंबाच्या किंवा आंब्याच्या खोडास पावसाळ्यापूर्वी बोर्डो मलम लावावे लागते, तेव्हा ती कामास येते. मलमाचे प्रमाण दहा लिटर पाण्यास एक किलो मोरचूद व एक किलो चुना असे आहे. विरवलेल्या चुन्यात आधीच पाणी असल्याने तो वजनाने काहीसा अधिक घ्यावा. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये. त्यासाठी प्लास्टिकची बादली घ्यावी.